पंगत, पाणी आणि पंढरी : शंभर वर्षांच्या वाटेचा मागोवा

आषाढी एकादशी हा वारकऱ्याचा सगळ्यांत मोठा सण. दिवाळीला लेकरांना नवे कपडे नाही झाले तरी घर निभावून नेतं, पण आषाढीची वारी चुकली तर माळकऱ्याच्या जिवाला वर्षभर हुरहुर लागून राहते. आपल्या दिंडीने हा सण शंभर वेळा पाहिला. त्या निमित्ताने दिंडीच्या पूर्वजांना पहिला दंडवत.

विणा कोणी सांभाळला, फड कसा वाढला, कीर्तनाची परंपरा कोणी पुढे नेली, हे जाणती मंडळी सांगतीलच. या लेखात थोडी वेगळी गोष्ट मांडायची आहे. शंभर वर्षांत आपण पंढरीला काय घेऊन गेलो हे आपण नेहमी बोलतो. वाटेत काय ठेवून आलो आणि ते कोणाला उचलावं लागलं, हे मात्र फार कमी बोलतो. सण आपला आणि निस्तरणं दुसऱ्याचं, असं होऊ लागलं तर तो सण विठ्ठलाला पोचतो का, हा प्रश्न आहे. त्याचं उत्तर इतिहासातच सापडतं.

निजामाच्या मुलखातून पंढरीला

शंभर वर्षांपूर्वी आपला मुलूख हैदराबाद संस्थानात होता. नांदेड जिल्हा निजामाचा, लातूर हे उस्मानाबाद जिल्ह्यातलं बाजारपेठेचं गाव. लातूर स्वतंत्र जिल्हा झाला तो फार उशिरा, १९८२ मध्ये. पंढरपूर मात्र इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात. म्हणजे पांडुरंगाला भेटायचं तर एक सरकार सोडून दुसऱ्या सरकारात जावं लागे. तरीही वाट परकी नव्हती. नामदेवरायांची नरसी, जनाबाईंचं गंगाखेड, गोरोबाकाकांचं तेर, नाथांचं पैठण ही सगळी मराठवाड्यातलीच ठाणी. संत आपल्याकडचे आणि देव पंढरीचा, असं हे नातं.

आळंदी-देहूच्या पालख्या पश्चिमेकडून येतात, आपण पूर्वेकडून जातो. नांदेडकडून लोहा, अहमदपूर, लातूर, मुरूड, बार्शी अशी वाट धरली तर चालत पंधरा-सतरा दिवस लागतात, लातूरकरांना आठ-दहा. याच दिशेने एक छोटी रेल्वेही धावत होती. बार्शी लाईट रेल्वेची अरुंद रुळांची गाडी. ती १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी सुरू झाली, १९०६ मध्ये पंढरपूरला पोचली, १९११ मध्ये लातूरला आली आणि १९२७ मध्ये पंढरपूरहून मिरजेला जोडली गेली. पाय थकलेल्या म्हाताऱ्यांना या गाडीने पंढरी दाखवली. पायी चालणारे मात्र चालतच राहिले. या रुळांची गोष्ट पुढे पुन्हा येणार आहे, म्हणून वाचकांनी ती ध्यानात ठेवावी.

पळसाचं पान

त्या काळच्या दिंडीचं सामान किती? खांद्यावर पडशी, पाठीला घोंगडं, गळ्यात टाळ. मोठ्या दिंडीसोबत एखाददुसरी बैलगाडी, तिच्यात पीठ, डाळ, मीठ, मिरची आणि येसर. मुक्कामाला तीन दगडांची चूल, ज्वारीची भाकरी आणि आमटी. पाणी गावच्या विहिरीचं किंवा ओढ्याचं. जेवायला पळसाच्या पानाची पत्रावळ आणि द्रोण.

पळस आपल्याकडे मुबलक. किनवट-माहूरच्या रानात तर तो मैलोगणिक पसरलेला. उन्हाळ्यात पानं तोडायची, काड्यांनी टाचून पत्रावळी करायच्या, वाळवून गठ्ठे बांधायचे, हे गरीब घरातल्या बायाबापड्यांचं कमाईचं काम होतं. पंगत उठली की उष्ट्या पत्रावळी गुराढोरांनी चाटायच्या, उरलेल्या उकिरड्यात जायच्या आणि पुढच्या पावसात त्यांचं खत व्हायचं. दिंडी पुढं गेल्यावर मुक्कामाच्या जागी चुलीची राख आणि पानांचा ढीग एवढंच मागं राही.

आपले वाडवडील पर्यावरणाचे पंडित होते म्हणून असं घडत नव्हतं. त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतंच. पण त्यातून एक शिस्त अंगी आली होती: ताटात घेतलेलं टाकायचं नाही, भाकरीचा तुकडा उरला तर तो फडक्यात बांधायचा, पाणी तांब्याने घ्यायचं. गरिबीने लावलेली ही शिस्त होती. हातात पैसा आल्यावर ती टिकते का, याचीच खरी परीक्षा पुढे व्हायची होती.

पटकीचे दिवस

जुना काळ सगळा सोन्याचा होता असं म्हणणं खरं नाही. त्या काळी वारीवर सगळ्यांत मोठं सावट असे ते पटकीचं. लाखो माणसं एका नदीत न्हायची, तिथलंच पाणी प्यायची आणि तिथंच काठावर बहिर्दिशेला बसायची. जुलाब-उलट्या सुरू झाल्या की धडधाकट माणूस एका दिवसात जायचा. लोक याला मरीआईचा कोप म्हणत. खरं कारण पाण्यात होतं. पटकीचा जंतू घाणीतून पाण्यात आणि पाण्यातून पोटात जातो. परतीच्या वाटेवर तोच जंतू यात्रेकरूंसोबत गावोगाव पोचायचा. म्हणजे पंढरीहून आणलेला प्रसाद आणि पंढरीहून आलेली पटकी, दोन्ही एकाच पडशीतून गावात शिरत.

इंग्रज सरकारने यात्राकर बसवला, विहिरींत औषध टाकलं, पुढे यात्रेकरूंना लस टोचायला सुरुवात केली. सुईच्या भीतीने आडवाटेने पंढरीत शिरणारे वारकरीही होते. पण लस, पिण्याचं वेगळं पाणी आणि दवाखाने यांनीच वारी वाचवली, हे मान्य केलं पाहिजे. नदी पवित्र आहे म्हणून तिच्यात काहीही टाकलं तरी चालतं, या समजुतीची किंमत आपल्या आज्या-पणज्यांनी जिवाने मोजलेली आहे.

झाडूवाला महाराज

याच काळात वाळवंटात एक वेगळा कीर्तनकार दिसू लागला. अंगावर चिंध्यांचं पांघरूण, हातात खराटा आणि डोक्यावर गाडगं. गाडगेबाबा. जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. निर्वाण २० डिसेंबर १९५६ रोजी. बाबा पंढरीला येत, पण देवळाच्या रांगेत लागत नसत. दिवसा रस्ते आणि वाळवंट झाडत, रात्री कीर्तन करत. कीर्तनात देवाच्या नावाने बकरं कापू नका, कर्ज काढून सण करू नका, लेकराला शाळेत घाला, शिवाशिव पाळू नका, हे सांगत.

कर्ज काढून सण करू नका, हा त्यांचा उपदेश आपल्या मराठवाड्याला आजही लागू पडतो. गावचा सप्ताह मोठा व्हावा म्हणून वर्गणीचा आकडा वाढत जातो. ज्याच्या शेतात सोयाबीन वाळून गेलं त्यालाही तो द्यावा लागतो. तो लाजेखातर उसने घेऊन देतो. अशा वर्गणीतून झालेला महाप्रसाद पोटात उतरेल, पण गोड कसा लागेल?

बाबांनी पंढरपुरात धर्मशाळा बांधल्या. त्यांतली चोखामेळा धर्मशाळा ही ज्यांना कोणी ओसरीवरही उभं करत नव्हतं त्यांच्यासाठी होती. १९४९ मध्ये ती त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. स्वच्छता आणि समता ही बाबांच्या लेखी दोन कामं नव्हती. घाण करणारा एक आणि ती उचलणारा दुसरा, ही वाटणी जातीने ठरवलेली आहे, हे त्यांनी ओळखलं होतं. म्हणून खराटा त्यांनी स्वतःच्या हातात घेतला. महाराष्ट्र शासनाने २००० साली ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं तेव्हा त्याला बाबांचंच नाव दिलं, ते उगीच नाही.

पायरीशी थांबलेले

चोखोबांची समाधी महाद्वारापाशी, नामदेव पायरीजवळ आहे. आपण तिथं माथा टेकून आत जातो. पण चोखोबांच्या जातीतल्या माणसाला आत जायला १९४७ साल उजाडावं लागलं. त्या वर्षी १ मे रोजी साने गुरुजींनी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात प्राणांतिक उपोषण सुरू केलं. १० मे रोजी मंदिर सर्वांसाठी खुलं होण्याचा मार्ग मोकळा झाला आणि त्यांनी उपोषण सोडलं. त्या वेळी आपण अजून निजामाच्या राज्यात होतो. आपल्या भागाला स्वातंत्र्य मिळालं ते १७ सप्टेंबर १९४८ रोजी.

दार उघडलं, पण पंगत लगेच एक झाली नाही. समाजशास्त्रज्ञ इरावती कर्वे स्वतः वारीत चालल्या होत्या. दिवसभर एका सुरात अभंग म्हणणारी माणसं जेवायच्या वेळी जातीजातीने वेगळी बसतात, याची खंत त्यांनी लिहून ठेवली आहे. ही खंत आपल्या भागालाही लागू होती. पळसाच्या पत्रावळीचं कौतुक करताना त्या पत्रावळी एका रांगेत मांडलेल्या नव्हत्या, हेही सांगितलं पाहिजे.

खरं तर एका पंगतीचा धडा आपल्याच उंबऱ्यावर होता. पैठणच्या नाथांनी श्राद्धाचं अन्न भुकेल्या अस्पृश्यांना आधी वाढल्याची कथा आपण कीर्तनात शंभरदा ऐकतो. नांदेडला तर रोज डोळ्यांसमोर दिसतं. गुरू गोविंदसिंगजींनी १७०८ मध्ये नांदेडला देह ठेवला, तेव्हापासून हुजूर साहिब हे शिखांचं मोठं तीर्थ. तिथल्या लंगरात कोण कुठला, कोणत्या जातीचा, हे विचारत नाहीत. सगळे एका रांगेत जमिनीवर बसतात आणि ताटं घासायला श्रीमंत घरची माणसंही बसतात. त्या गुरुग्रंथसाहिबात आपल्या नामदेवरायांची एकसष्ट पदं आहेत. म्हणजे नरसीच्या शिंप्याची वाणी तिथं मस्तकी धरली जाते. आपण त्या वाणीचे घरचे वारस. घरच्यांनी मागं राहणं बरं दिसत नाही.

थर्माकोल आलं

१९७२ च्या दुष्काळात मराठवाड्याने खडी फोडून आणि सुकडी-मिलो खाऊन दिवस काढले. त्यानंतर हळूहळू रस्ते झाले, धरणं झाली, हातात थोडा पैसा आला. बैलगाडीच्या जागी ट्रॅक्टर आणि मग ट्रक आला. दिंडीसोबत पाण्याचा टँकर निघाला, गॅसच्या शेगड्या आल्या. यात वाईट काही नाही. म्हाताऱ्या माणसाला रात्री कोरडी जागा मिळते आणि बायकांचा चुलीचा धूर वाचतो, ही सोयच आहे.

पण त्याच ट्रकमध्ये थर्माकोलच्या पत्रावळी, प्लास्टिकचे द्रोण, प्लास्टिकचे पेले आणि पाण्याच्या पिशव्याही आल्या. दोनशे माणसांची दिंडी पंधरा दिवस चालते, दोन वेळा जेवते. म्हणजे सहा हजार पत्रावळी. दिवसातून तीनदा चहापाणी धरलं तर नऊ हजार पेले. एका दिंडीचा हा हिशेब. अशा दिंड्या किती निघतात ते ज्याचं त्यानं मोजावं. पळसाचं पान पावसाळ्यात कुजून जातं. थर्माकोल कुजत नाही. ते वाऱ्याने शेतात जातं, नांगराला अडकतं, ओढ्यात तुंबतं. गाय त्यातलं उष्टं खाताना पिशवीही गिळते आणि पुढे पोट फुगून मरते. गोमातेचा जयघोष करत आपण तिच्यापुढे काय ठेवून जातो, याचा विचार व्हावा. पळसाची पानं टाचणाऱ्या हातांचं कामही यातच गेलं.

महाराष्ट्रात मार्च २०१८ मध्ये प्लास्टिक आणि थर्माकोलच्या अशा वस्तूंवर बंदी आली. देशभर एकदाच वापरायच्या प्लास्टिकवर १ जुलै २०२२ पासून बंदी लागू झाली. त्या वर्षीची आषाढी १० जुलैला होती. कायदा झाला, पण कायदा वाढप्याच्या हातात जाऊन पत्रावळ बदलत नाही. ते काम दिंडीप्रमुखाचं.

वाळवंट कोणी उचलायचं?

आता सगळ्यांत अवघड गोष्ट. पंढरपूर हे सुमारे एक लाख वस्तीचं गाव. आषाढीला तिथं दहा-पंधरा लाख माणूस उतरतं. शौचालयं पुरणं शक्यच नव्हतं. वर्षानुवर्षं आपण वाळवंटात आणि गल्लीबोळात बसलो. द्वादशीला बारस सोडून आपण गावाकडे निघायचो. मागं राहिलेला मैला पंढरपुरातले सफाई कामगार, त्यांत बाया किती तरी, हाताने भरत आणि डोक्यावरून, गाड्यांवरून वाहत. ही माणसं बहुतेक एका विशिष्ट समाजाची. म्हणजे दर्शनाचं पुण्य आपण घेऊन यायचो आणि घाण त्यांच्या पदरात टाकायचो. असं एक-दोन वर्षं नाही, पिढ्यान् पिढ्या चाललं.

हाताने मैला उचलायला लावणं हा देशात १९९३ पासून गुन्हा आहे, आणि २०१३ मध्ये त्यासाठी आणखी कडक कायदा झाला. तरीही पंढरीत हे सुरूच होतं. त्याविरुद्ध लढणाऱ्या कार्यकर्त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. २०१४-१५ च्या सुमारास न्यायालयाने शासनाला चांगलंच धारेवर धरलं. वाळवंटातल्या तंबू-राहुट्यांवर निर्बंध आले, शौचालयांची संख्या वाढवण्याचे आदेश निघाले, नदीपलीकडे ‘पासष्ट एकर’ची जागा दिंड्यांसाठी तयार झाली. तेव्हा आपल्यातले पुष्कळ जण रागावले. वाळवंट आमचं, तिथं कीर्तन करायला कोर्ट कोण अडवणार, असं बोललं गेलं. राग समजण्यासारखा होता. वाळवंटातलं कीर्तन ही नामदेवरायांपासूनची परंपरा आहे. पण ज्या बाईच्या डोक्यावर टोपली होती तिची बाजू आपल्या कोणत्या फडावर मांडली गेली? ती कोर्टाला मांडावी लागली, हे आपल्यासाठी भूषणाचं नाही.

२०१५ पासून ‘निर्मलवारी’ नावाने पालखीच्या वाटेवर मुक्कामाच्या गावी तात्पुरती शौचालयं उभी राहू लागली. स्वयंसेवक पहाटे शिट्टी वाजवत फिरून लोकांना तिकडे नेत. याचा सगळ्यांत मोठा दिलासा बायकांना झाला. पूर्वी आपल्या माय-बहिणी पहाटेच्या अंधारात उरकून घ्यायच्या आणि दिवसभर पाणी कमी प्यायच्या, म्हणजे मध्येच जावं लागू नये. अभंग म्हणत वीस किलोमीटर चालायचं आणि तहान मारायची! हे दुःख त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, आणि आपण विचारलं नाही.

मोठ्या पालखीमार्गांवर आता ही सोय बरीच झाली आहे. पूर्वेकडून येणाऱ्या आपल्या वाटा मात्र लहान. तिथं शासनाचं आणि संस्थांचं लक्ष कमी जातं. म्हणून आपल्या दिंडीला स्वतःची व्यवस्था स्वतः करावी लागेल.

चंद्रभागेचं पाणीही आता पूर्वीचं राहिलेलं नाही. भीमेवर उजनीचं धरण झालं. यात्रेच्या वेळी पात्रात पाणी किती राहतं ते पुष्कळसं धरणातून काय सोडतात त्यावर ठरतं. वर पुण्याकडचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत येतं. २०१६ मध्ये शासनाने ‘नमामि चंद्रभागा’ ही योजना जाहीर केली. पुण्याचं सांडपाणी आपल्या हातात नाही. पण स्नानानंतर नदीत सोडलेलं जुनं धोतर-लुगडं, प्लास्टिकच्या पिशवीसकट टाकलेलं निर्माल्य, शाम्पूच्या पुड्या, हे तर आपल्याच हातचं आहे ना?

रेल्वेने आलेलं पाणी

आता रुळांच्या गोष्टीकडे परत येऊ. २०१५ चा पाऊस लातूरवर रुसला. मांजरा धरण कोरडं पडलं. मार्च २०१६ मध्ये, होळीच्या तोंडावर, लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदीचं १४४ कलम लावावं लागलं. पाण्यावरून मारामाऱ्या होतील ही भीती होती. त्या वर्षी धुळवडीला रंग खेळायचा की नाही हा प्रश्नच नव्हता. हात धुवायला पाणी नव्हतं.

१२ एप्रिल २०१६ च्या पहाटे मिरजेहून पाण्याची पहिली गाडी लातूरला आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. लातूर शहराची वस्ती चार लाखांच्या आसपास. म्हणजे त्या पहिल्या गाडीतून माणशी सव्वा लिटर पाणी आलं. पुढे पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली, पंचवीस लाख लिटरची. लोकांनी गाडीचं स्वागत केलं, हात जोडले. कोणाच्या तरी नदीचं पाणी आपल्या लेकरांच्या तोंडात पडत होतं.

ही गाडी आली ती मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर या मार्गाने. रूळ आता रुंद झाले होते, पण वाट तीच, शंभर वर्षांपूर्वी आपल्या म्हाताऱ्यांना पंढरीला नेणाऱ्या बार्शी लाईटची. गाडी आली त्यानंतर पाचच दिवसांनी चैत्री एकादशी होती. ज्या रुळांवरून आपण विठ्ठलाकडे जात होतो, त्याच रुळांवरून पंढरीच्या दारावरून पाणी आपल्याकडे आलं. याला कोणी विठ्ठलाची कृपा म्हणेल. म्हणायला हरकत नाही. पण कृपा झाली की अंगावर जबाबदारी येते. त्याच उन्हाळ्यात लातूरकरांनी वर्गणी काढून साई-नागझरी भागात मांजरेचं पात्र रुंद आणि खोल करायला घेतलं. लोकवर्गणीतून झालेलं हे काम एखाद्या मोठ्या सप्ताहापेक्षा कमी पुण्याचं नाही.

नाथमहाराजांची कावडीची कथा इथं आठवते. काशीची गंगा कावडीत भरून रामेश्वराला वाहायला निघाले होते. वाटेत तहानेने तडफडणारं गाढव दिसलं आणि नाथांनी कावड त्याच्या तोंडात रिकामी केली. बरोबरचे लोक हळहळले. नाथांना मात्र रामेश्वर तिथंच पावला. ही कथा आपण डोळ्यांत पाणी आणून सांगतो. मग दुष्काळाच्या वर्षी मुक्कामाच्या गावात शिरल्यावर आपल्या टँकरसाठी तिथल्या हातपंपावर रांग लावायची की आपल्या टँकरमधलं चार घागरी पाणी तिथल्या म्हातारीला द्यायचं, याचं उत्तर त्या कथेत आहे.

दोन वर्षं घरची वारी

२०२० आणि २०२१ मध्ये करोनामुळे पायी वारी झाली नाही. संतांच्या पादुका एसटीने पंढरीला गेल्या. १ जुलै २०२० च्या आषाढीला वाळवंट रिकामं होतं. कैक वारकऱ्यांनी अंगणातल्या तुळशीभोवती प्रदक्षिणा घातली, घरात टाळ वाजवला. वारी चुकली म्हणून जीव तुटला, पण आपल्यामुळे कोणाच्या घरी आजार जाऊ नये म्हणून आपण थांबलो. पटकीच्या काळात जे उमगलं नव्हतं ते आता उमगलं होतं. शंभर वर्षांच्या इतिहासात ही दोन वर्षं कोरी म्हणून नोंदवू नयेत. ती वारीच होती.

सावता महाराजांचं उदाहरण तर आपल्यासमोर आहेच. अरणच्या त्या माळ्याने मळ्यातल्या कांदा-मुळा-भाजीतच विठ्ठल पाहिला आणि परंपरा सांगते की देवच त्याच्याकडे गेला. सण मोठा होतो तो गर्दीने नाही, हे सावतोबांनी सातशे वर्षांपूर्वीच दाखवून ठेवलं.

शताब्दीची आषाढी

आता शताब्दीचा सोहळा समोर आहे. सोहळा म्हटलं की मोठे बॅनर, कमानी, फटाके, डीजे आणि पाच पक्वान्नांचा महाप्रसाद डोळ्यांसमोर येतो. हौसेला मोल नसतं हे खरं. पण बॅनरवरचं प्लास्टिकही थर्माकोलाचंच भावंडं, आणि फटाक्याने मृदंगाचा बोल वाढत नाही. रात्री दहानंतर भोंगा बंद ठेवण्याचा नियम २००० सालापासून आहे. गावात आजारी माणूस असतो, परीक्षेचं पोर असतं, त्यांचंही काही ऐकावं. टाळ-मृदंग भोंग्याशिवाय शेकडो वर्षं वाजला आहे.

त्या पैशात काय काय होऊ शकतं, याचे हे काही विचार मंडळींपुढे ठेवतो.

पहिलं, ताटाचं. दोनशे स्टीलची ताटं एकदाच घेतली तर ट्रकच्या एका कोपऱ्यात मावतात आणि वर्षानुवर्षं चालतात. जिथं पाणी आहे तिथं ताट, आधी राखेने पुसून मग दोन घंगाळात बुडवून धुवायचं, म्हणजे पाणी कमी लागतं. जिथं पाण्याची टंचाई आहे तिथं पळसाची पत्रावळ. आंधळेपणाने एकच नियम करू नये. पत्रावळी किनवट-माहूरकडच्या बायकांकडून उन्हाळ्यातच मागवून ठेवाव्यात. सणाचा पैसा त्या घरात गेला तर तो खरा अन्नदान. ताट घासायला आळीपाळीने सगळ्यांनी बसावं, प्रमुखांनी आधी.

दुसरं, शौचालयाचं. दिंडीसोबत फिरती शौचालयं असावीत आणि बायकांसाठी वेगळी, दिवा असलेली असावीत. दिंडीत जितकी माणसं तितका विचार आधी करूनच मुक्काम ठरवावा. सफाईला जो माणूस लावाल त्याला हातमोजे, बूट आणि योग्य मजुरी द्यावी, आणि पंगतीत त्याचं पान आपल्या शेजारी मांडावं.

तिसरं, पानाचं आणि पोटाचं. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्यावरच आहे. उपवासाला रताळी, भगर, शेंगदाण्याची आमटी पुरेशी आहे. पंगतीत आग्रह करून वाढण्याची रीत सोडावी. उरलेलं अन्न झाकून वेळेत गावातल्या गरजूंना पोचवावं. शिळं झाल्यावर दिलेलं अन्न हे दान नसून टाकणं असतं.

चौथं, झाडांचं. रस्ते रुंद झाले तसे वाटेवरचे जुने वड आणि चिंचा गेल्या. दुपारच्या विसाव्याला सावली राहिली नाही. आषाढात झाड लावून फोटो काढणं सोपं आहे. चैत्रात त्याला पाणी कोण घालणार? म्हणून जिथं विसावा घेतो त्या गावातल्या एका घराकडे ते झाड सोपवावं आणि दरवर्षी वारीत जाताना त्याची विचारपूस करावी. दरवर्षी न चुकता त्याच वाटेने जाणारी दिंडी हीच झाडांची सगळ्यांत चांगली राखणदार होऊ शकते. एका वर्षात पाच झाडं जगली तरी पुढच्या शताब्दीला सावली तयार असेल.

आणि पाचवं, वर्गणीचं. ज्याला जमत नाही त्याच्याकडे मागू नये, आणि न देणाऱ्याचं नाव भोंग्यावरून घेऊ नये. त्याने हातानं सेवा केली तर ती वर्गणीच धरावी.

यात नवीन काहीच नाही. पळसाचं पान आपलंच होतं, खराटा बाबांनी दिला, समतेची वाट चोखोबांनी, साने गुरुजींनी, बाबासाहेबांनी दाखवली, आणि तहानलेल्याला कावड रिकामी करायचं नाथांनी शिकवलं. शंभर वर्षांत आपण यातलं काही सांभाळलं, काही गमावलं. पुढची शंभर वर्षं ज्या लेकरांच्या हाती विणा जाणार आहे, त्यांना वाट देताना ती झाडून द्यावी, एवढंच मागणं.

दिंडी मुक्काम सोडताना शेवटचा माणूस मागं वळून पाहतो, काही राहिलं तर नाही ना? टाळ, पडशी, काठी. या वर्षीपासून त्याने आणखी एक गोष्ट पाहावी: आपण आलो होतो त्यापेक्षा ही जागा घाण तर झाली नाही ना? तेवढं पाहून मगच पुंडलिक वरदे म्हणून पाऊल उचलावं.

रामकृष्ण हरि.